बाळापुढचं ताट : भविष्य सांगण्याच्या परंपरा आणि त्यांचा इतिहास



आजचा विषय तसा घरगुती आहे. बाळ जन्माला आलं की पहिल्या चार दिवसांतच घरातली मोठी माणसं त्याच्या भविष्याची चौकशी सुरू करतात. कपाळ केवढं आहे, नाक कुणावर गेलंय, जन्म नेमका किती वाजता झाला, मूठ कशी घट्ट आवळतंय. म्हटलं तर हे नुसतं कौतुक. पण या कौतुकाला जगभर विधींचं रूप आलेलं आहे, आणि विधी म्हटला की त्याला इतिहास असतोच. तो इतिहास आज आपण पाहणार आहोत.

सोयीसाठी आपण या परंपरांच्या तीन वाटा करू. पहिली वाट म्हणते, भविष्य लिहिलेलं असतं. कुणीतरी येऊन ते बाळाच्या कपाळी लिहून जातं. दुसरी म्हणते, भविष्य मोजता येतं. जन्माची वेळ द्या, गणित मांडू. तिसरी म्हणते, बाळापुढे वस्तू मांडा, ते स्वतःच हात घालून दाखवील. लिहिलेलं, मोजलेलं आणि उचललेलं, असे हे तीन प्रकार.

या तिन्हींबद्दल 'हे खरं ठरतं का?' असा प्रश्न लगेच येतो. तो आपण टाळणार नाही. त्याचं उत्तर देणारा एक प्रयोग आपल्या पुण्यातच झालेला आहे, त्याच्याकडे येऊच. पण इतिहासाच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. बाळाचं भविष्य सांगण्याचा अधिकार कुणाच्या हाती होता? आणि ते सांगितल्यामुळे त्या बाळाच्या वाट्याला काय आलं?

सटवाईचा कोरा कागद

आपल्याकडे पाचवी पुजतात. कुठे पाचव्या, कुठे सहाव्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडतात, हळदकुंकू वाहतात, दिवा लावतात. शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. बायका रात्र जागून काढतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते, अशी समजूत. हा लेख कुणाला वाचता येत नाही आणि कुणाला पुसताही येत नाही.

सटवी हा शब्द षष्ठीवरून आला. षष्ठी म्हणजे सहावी. उत्तरेत तीच छठी, बंगालात षष्ठी. गुजरातीत 'छठ्ठीचे लेख' हा नशिबासाठी रोजचा शब्दप्रयोग आहे. बाळांच्या वैद्यकावरचा आपला जुना ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. तिच्यातही सहाव्या दिवशी सूतिकागृहात षष्ठीची पूजा सांगितली आहे. म्हणजे ही केवळ आडगावची समजूत नव्हे. ती वैद्याच्या पोथीतही आहे.

आता आपण विचारू, सहावीच रात्र का? तिसरी का नाही, दहावी का नाही?

सटवाई दोन तोंडांची देवता आहे. ती बाळाला राखते आणि नेतेही. रात्रभर जागायचं ते लेख ऐकायला मिळेल म्हणून नव्हे, बाळ सकाळपर्यंत टिकावं म्हणून. नाळ ज्या हत्याराने कापली ते स्वच्छ नसलं तर नवजात बाळाला धनुर्वात होतो, आणि त्याची लक्षणं बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपास दिसू लागतात. चांगलं दूध पिणारं बाळ अचानक तोंड उघडेनासं होतं, अंग ताठ होतं, आणि दोन-चार दिवसांत खेळ आटोपतो. पिढ्यान् पिढ्या ज्या सुइणींनी आणि आज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं, त्यांना पाचव्या-सहाव्या रात्रीचं भय कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. विधी एकट्या याच कारणाने जन्माला आला असं आपण म्हणणार नाही. विधींची कारणं अशी एकेरी नसतात. पण भीतीला दिवस नेमून देण्यात या मरणांचा हात असणार, हे मानायला जागा आहे.

आणि हा लेख पुसला गेला, मंडळी. गर्भवतीला टोचलेली धनुर्वाताची लस, स्वच्छ पातं, दवाखान्यातली बाळंतपणं यांनी तो पुसला. माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतात निर्मूलन झाल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. इथे निर्मूलन याचा अर्थ एकही बाळ दगावत नाही असा नाही. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी, असा तो हिशेब आहे. पण ज्याला शतकानुशतकं 'सटवीचा लेख' म्हटलं गेलं, त्यातला केवढा तरी भाग गंजक्या पात्याने लिहिलेला होता, एवढं त्यातून कळतं.

लेखाच्या या कल्पनेशी लोकांनी स्वतःही झटापट केलेली आहे. तमिळ मुलखातली एक लोककथा फार बोलकी आहे. एका गुरूच्या घरी मूल जन्मतं. ब्रह्मदेव लिहायला येतो तेव्हा दारात बसलेला शिष्य त्याला गाठतो आणि काय लिहिलंस ते सांगायला लावतो. मुलाच्या कपाळी लिहिलेलं असतं, एक म्हैस आणि तांदळाचं एक पोतं, एवढंच आयुष्यभर. वर्षांनी तो शिष्य परत येतो. मुलगा मोठा झालेला, दारात एक म्हैस, घरात एक पोतं, दारिद्र्य. शिष्य म्हणतो, आजच्या आज म्हैस वीक, पोतंही वीक आणि आलेल्या पैशात गावजेवण घाल. मुलगा कळवळतो, उद्या काय खाऊ? पण ऐकतो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर दारात नवी म्हैस, घरात नवं पोतं! लिहिलंच आहे ना, की याच्याकडे एक म्हैस असेल. मग लिहिणाऱ्याला ती रोज पुरवावी लागते.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही नियती आणि पुरुषार्थ यांचा वाद शिकवताना मोठमोठी नावं घेतो. या गोष्टीने तो वाद एका म्हशीवर सोडवला आहे. ती लेख नाकारत नाही. लेखातली अक्षरं तशीच ठेवून त्यांचा अर्थ बदलते. मात्र त्यासाठी एक अट आहे: काय लिहिलंय ते कळायला हवं, आणि ते वाचून दाखवणारा माणूस तुमच्या बाजूचा हवा. वाचणारा तुमच्या बाजूचा नसेल तर काय होतं, ते दुसऱ्या वाटेवर दिसतं.

घटिका, पळं आणि जोशी

सटवाई कुणाच्याही घरी जायची. तिला दक्षिणा नको, पोथी नको. घरच्या बायका आणि सुईण मिळून तिचं सगळं करायच्या. पत्रिकेचं तसं नाही. पत्रिकेला नेमकी वेळ लागते, पंचांग लागतं आणि ते वाचणारा लागतो.

वेळेचंच बघा. दिवसरात्रीच्या साठ घटिका, म्हणजे एक घटिका चोवीस मिनिटांची. आणि एका घटिकेची साठ पळं. लग्नरास साधारण पाच घटिकांनी, म्हणजे दोन तासांनी बदलते. घटिका मोजायची ती पाण्यात तरंगणाऱ्या, बुडाला बारीक भोक असलेल्या वाटीने. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. शेतकऱ्याच्या झोपडीत अवसेच्या रात्री मूल जन्मलं, तर वेळ कोण सांगणार? कोंबडा आरवायच्या आधी की नंतर, एवढंच. म्हणजे ज्या गणिताला पळांचा हिशेब लागतो, त्याच्या हाती बहुतेकांच्या बाबतीत अंदाजच पडत होता. काटेकोर पत्रिका ही मुळात वाड्यावरची चीज होती.

पंचांगही सर्वांकडे नव्हतं. ते हाताने लिहिलं जायचं आणि गावच्या जोशाकडे असायचं. हे ग्रामजोशीपण वतन होतं, घराण्यात चालत आलेलं, हक्क आणि उत्पन्न असलेलं. मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून 1841 मध्ये छापील मराठी पंचांग बाहेर पडलं आणि तिथी-नक्षत्र विकत मिळू लागलं. पण छपाईने पंचांग पसरलं, ते वाचून अर्थ सांगण्याचा हक्क मात्र लगेच पसरला नाही.

आता या वाटेवरचा तत्त्वज्ञानातला एक जुना आक्षेप ऐकण्यासारखा आहे. तो आहे संत ऑगस्टीनचा. इसवी सन 400 च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या आत्मकथनात तो फिर्मिनुस नावाच्या ओळखीच्या माणसाची हकीकत देतो. फिर्मिनुसच्या वडिलांना आणि त्यांच्या एका मित्राला ग्रहगणिताचा भारी नाद. इतका, की घरच्या जनावरांच्या विण्याच्या वेळाही टिपून ठेवायचे. इकडे बायको गरोदर, तिकडे मित्राच्या घरची एक गुलाम स्त्री गरोदर. दोघी एकाच क्षणी बाळंत झाल्या. दोन्ही घरांतून निरोपे निघाले आणि बरोबर अर्ध्या वाटेवर भेटले, म्हणजे वेळेत तसूभर फरक नाही. दोन्ही बाळांची कुंडली तंतोतंत एक. पुढे काय झालं? फिर्मिनुस संपत्तीत आणि मानात वाढला. गुलाम बाईचं मूल गुलामच राहिलं.

ऑगस्टीनचा युक्तिवाद सरळ आहे. एकाच कुंडलीवरून दोघांना खरं भविष्य सांगायचं, तर ज्योतिष्याला आधी विचारावं लागेल की मूल कुणाच्या घरचं. आणि ते कळल्यावर आकाशाकडे पाहायचं कारणच काय उरतं? आपण हीच गोष्ट आपल्या मुलखात आणून बघू. एकाच घटिकेला पाटलाच्या वाड्यात एक मूल जन्मलं आणि गावकुसाबाहेर एक. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याही गावात त्या दोघांचं भविष्य सांगायला कुणालाही पंचांग उघडावं लागलं नसतं. जन्मवेळेपेक्षा जन्मस्थान जास्त बोलत होतं, आणि तेही ग्रहांनी नव्हे, माणसांनी ठरवलेलं.

पाऊस आणि मुलगी

इथे आपण थोडं थांबू, कारण भाकीत या शब्दातच एक गफलत दडलेली आहे. 'उद्या पाऊस पडेल' असं आपण म्हणतो. त्या म्हणण्याने पाऊस पडत नाही, थांबतही नाही. ढगाला आपलं बोलणं ऐकू येत नाही. पण 'ही मुलगी पांढऱ्या पायाची' असं म्हटलं की ते घरातल्या सगळ्यांना ऐकू येतं. पुढे मुलीलाही ऐकू येतं. त्या दिवसापासून घरातली प्रत्येक वाईट घटना तिच्या खात्यावर जमा होते. म्हणजे वाक्य दिसतं भाकितासारखं आणि काम करतं हुकमासारखं.

मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या मुलींचं उदाहरण घ्या. मुहूर्तग्रंथांतून चालत आलेली समजूत अशी, की मूळवरची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषावरची सासूला, ज्येष्ठावरची थोरल्या दिराला, विशाखावरची धाकट्या दिराला. नीट लक्ष द्या. पाळण्यातल्या त्या मुलीच्या आयुष्यात काय होईल याबद्दल यात एक शब्द नाही. ती कुणाला मारील, एवढंच आहे. आणि चंद्र प्रत्येक नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. सत्तावीस नक्षत्रांतली ही चार. म्हणजे ढोबळ मानाने दर सात मुलींमागे एक मुलगी जन्मतःच संशयित! एवढ्या घरांत एवढी माणसं या कारणाने दगावत असती, तर ते शिरगणतीतही दिसलं असतं. पण समजुतीला शिरगणती लागत नाही. त्या मुलीचं लग्न लांबतं, नक्षत्र लपवलं जातं, शांती होते, आणि ती थोरली होते ती आपण ओझं आहोत हे शिकून.

भाकिताचं हे हुकमाचं रूप महाराष्ट्रात ज्याने नेमकं ओळखलं त्या माणसाचं नाव जोतीराव फुले. 1855 मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं. नाटक सुरू होतं ते एका गरोदर कुणबी बाईच्या दारात. जोशी येतो आणि तिच्या पोटातल्या बाळावर ग्रहांची पीडा आहे असं सांगून तिला घाबरवतो. पुढे नवरा-बायको कर्जात बुडतात, ते न जन्मलेल्या मुलाच्या भविष्यापोटी. बाळाने अजून एक श्वास घेतलेला नाही आणि त्याच्या नावावर ऋण चढलेलं आहे. मग त्या बाळाचं भविष्य खरोखरच वाईट ठरलं तर नवल काय? ते जोशाने पाहिलेलं नव्हतं, घडवलेलं होतं.

नाटकाचा शेवट तर आपल्या विषयाच्या दृष्टीने फारच महत्त्वाचा आहे. ते जोडपं दुसरा, अधिक प्रामाणिक जोशी शोधायला जात नाही. ते दोघं शाळेत जायचं ठरवतात, शिकायला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा 1848 मध्ये सुरू केली होती. दक्षिणा प्राइज कमिटीकडे हे नाटक दिलं गेलं, तिने ते नाकारलं. तमिळ कथेतल्या शिष्याने एका घरचा लेख वाचून दाखवला होता. फुले म्हणत होते, प्रत्येकाला वाचता येऊ दे, म्हणजे काय लिहिलंय हे दुसऱ्याला विचारावंच लागणार नाही.

आता 'खरं ठरतं का?' या प्रश्नाचं उत्तर. 2008 मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्माच्या नोंदी जमवल्या, त्यांच्या पत्रिका मांडल्या. ज्योतिषांना आवाहन केलं. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला त्यांतल्या चाळीस पत्रिका दिल्या आणि विचारलं, कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते सांगा. सत्तावीस जणांची उत्तरं आली. सरासरी बरोबर आलेली उत्तरं 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. हे निष्कर्ष 2009 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले.

या चाचणीची निवड फार विचारपूर्वक होती. मुलाची बुद्धी ही काही बारीकसारीक गोष्ट नाही. आईबापांचं सबंध आयुष्य तिने बदलतं. एवढी मोठी गोष्ट जर पत्रिकेत दिसत नसेल, तर परदेशगमनाचा योग दिसतो असं कशाच्या बळावर म्हणायचं?

उचललेलं भविष्य

तिसरी वाट सगळ्यांत गोड आहे. तिच्यात बाळाला स्वतःला काहीतरी करायला मिळतं.

तिचा जुना पुरावा आपल्या ठाण्याशी जोडलेला आहे, हे पुष्कळांना नवल वाटेल. बाराव्या शतकात उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं, राजधानी श्रीस्थानक, म्हणजे आजचं ठाणं. त्या घराण्यातल्या अपरादित्य राजाच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीची 'अपरार्क' ही मोठी टीका आहे. तिच्यात मार्कंडेयपुराणातलं म्हणून एक वचन दिलं आहे. महामहोपाध्याय काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात अन्नप्राशनाच्या प्रकरणात त्याची नोंद घेतली आहे. वचनाचा आशय असा: अन्नप्राशनाच्या दिवशी देवापुढे निरनिराळ्या कलांची आणि कारागिरीची साधनं, शस्त्रं, शास्त्रग्रंथ मांडावेत, बाळाला त्यांत रांगू द्यावं, ते ज्याला प्रथम हात घालील, ती त्याची पुढची उपजीविका समजावी.

आता गंमत बघा. ज्या स्मृतिपरंपरेत कुणी काय काम करायचं हे जन्मानेच ठरलेलं, तिच्याच टीकेत हे वचन बसलेलं आहे. ब्राह्मणाच्या बाळाने वाकस उचलला, तर? सुताराच्या बाळाने पोथी ओढली, तर? वचन त्याबद्दल गप्प आहे. समाजाने मात्र उत्तर शोधलं होतं: ज्या घरी जी साधनं, ताटात तीच. मग बाळ काहीही उचलो, घराबाहेर जात नाही. अडचणीची वस्तू नाकारावी लागत नाही, ती मांडायचीच नाही, एवढंच.

मांडलेल्या वस्तू आणि न मांडलेल्या वस्तू. या प्रथेची खरी किल्ली इथे आहे. ती घेऊन आपण थोडं पूर्वेला जाऊ, कारण तिथे हीच प्रथा फार तपशिलाने लिहून ठेवलेली आहे.

चीनमध्ये सहाव्या शतकात यान चितुई नावाच्या विद्वानाने आपल्या घराण्यातल्या मुलांसाठी उपदेशाचा ग्रंथ लिहिला. त्यात तो दक्षिणेकडची रीत सांगतो. मूल वर्षाचं झालं की त्याला नवे कपडे घालतात आणि पुढे वस्तू मांडतात. मुलगा असेल तर धनुष्यबाण, कागद, कुंचला. मुलगी असेल तर कातरकामाची सुरी, मोजपट्टी, सुईदोरा. शिवाय खाऊ, दागिने, खेळणी. मूल काय उचलतं त्यावरून ते हावरट की निर्लोभी, मंद की शहाणं, हे पाहतात. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन. मुलीच्या ताटात कागद नाही. मग ती शहाणी निघाली तरी ते कळणार कशावरून? सुईवरून?

या प्रथेतून निघालेल्या गोष्टीही पुष्कळ आहेत. दहाव्या शतकातल्या साव पिन या सेनापतीने म्हणे पहिल्या वाढदिवशी एका हाती शस्त्र, दुसऱ्या हाती यज्ञपात्र धरलं, नंतर राजमुद्रा उचलली आणि बाकी कशाकडे ढुंकून पाहिलं नाही. चरित्रात हे आलं ते अर्थात तो मोठा सेनापती झाल्यावर. शस्त्र उचलून पुढे पानाचं दुकान टाकलेल्या मुलांची चरित्रं कुणी लिहीत नाही.

अठराव्या शतकातल्या 'लाल महालातलं स्वप्न' या प्रसिद्ध कादंबरीत याची दुसरी बाजू दिसते. नायक पाव-यू वर्षाचा असताना सगळ्या वस्तू सोडून बायकांची पावडर आणि रंग उचलतो. वडील संतापतात, हा विषयलंपट निघणार असं ठरवून टाकतात, आणि बापलेकांमधला दुरावा तिथून सुरू होतो. लेखकाने हे फार मार्मिक टिपलं आहे. वर्षाच्या पोराने रंगीत डबी उचलली, याहून साधी गोष्ट कोणती? पण बापाच्या मनात निकाल लागून गेला. याउलट विसाव्या शतकातले थोर विद्वान छ्येन चुंगशू यांनी बाळपणी पुस्तक उचललं, म्हणून त्यांचं नावच 'पुस्तकाची ओढ' अशा अर्थाचं ठेवलं. ते खरोखर पंडित झाले. पण त्यांचे वडीलही विद्वानच होते. पुस्तकांनी भरलेल्या घरात, त्या नावाने रोज हाक मारली जाणाऱ्या मुलाबद्दल हे आश्चर्य मानायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

कोरियात पहिल्या वाढदिवसाला हेच करतात, त्याला तोलजाबी म्हणतात. जुन्या ताटात दोऱ्याचं रीळ म्हणजे दीर्घायुष्य, तांदूळ म्हणजे अन्नाची ददात नसणं, कुंचला म्हणजे विद्या, मुलासाठी धनुष्य. दोरा तिथे का, हे सटवाईनंतर सांगायला नको. वर्षभर जगणं हीच मोठी गोष्ट होती. आजच्या ताटात स्टेथोस्कोप असतो, न्यायाधीशाचा हातोडा असतो, गाण्याचा माइक असतो, चेंडू असतो. बंगालात मुखेभाताच्या वेळी, म्हणजे आपल्या उष्टावणाच्या वेळी, थाळीत माती, पुस्तक, लेखणी, सोनं-नाणं ठेवतात. माती म्हणजे जमीनजुमला. आपल्या शहरांतही हल्ली उष्टावणाला किंवा पहिल्या वाढदिवसाला असं ताट दिसू लागलं आहे, फोटो काढायला छान असतं.

ही सगळी ताटं एकापुढे एक मांडली, तर बाळांबद्दल त्यांतून काही कळत नाही. वर्षाचं मूल चकचकीत, जवळचं, हातात मावेल ते उचलतं. सहाव्या शतकातही आणि आजही. बदललं ते ताट. धनुष्य गेलं, स्टेथोस्कोप आला. म्हणजे ताट हा त्या त्या काळच्या आईबापांच्या इच्छांचा दस्तऐवज आहे. त्यात भीती आहे, हाव आहे, प्रतिष्ठेची कल्पना आहे. आणि इतिहासकाराने दस्तऐवजात काय नाही, हेही वाचायचं असतं. आजच्या ताटात स्टेथोस्कोप आहे; नांगर नाही, झाडू नाही, थापी नाही. ज्यांच्या कष्टांवर ते घर उभं आहे, त्यांची साधनं त्या घरच्या बाळाचं भविष्य म्हणून कुणाच्या मनातही येत नाहीत. आणि ज्यांच्या घरी झाडू आहे, त्यांच्या बाळापुढे कित्येक पिढ्या फक्त झाडूच होता. तिथे ताट मांडायचा प्रश्नच आला नाही.

शुद्धोदनाचं ताट

शेवटी एका बापाची गोष्ट, जी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सिद्धार्थ जन्मला तेव्हा त्याची लक्षणं पाहायला आठ ब्राह्मण बोलावले, असं जातकांच्या निदानकथेत आहे. सात जणांनी दोन बोटं वर केली: हा चक्रवर्ती होईल, नाही तर बुद्ध. त्यांतल्या सर्वांत तरुण कौंडिण्याने एकच बोट वर केलं: बुद्धच होईल. शुद्धोदनाला चक्रवर्ती हवा होता. म्हणून त्याने काय केलं? मुलाच्या नजरेसमोरून म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी या चार गोष्टी काढून टाकल्या. एकोणतीस वर्षं त्याने ताट सांभाळलं. या चार गोष्टी अखेर रस्त्यावर भेटल्या. आणि ज्याने एक बोट वर केलं होतं तो कौंडिण्य घरी बसून वाट पाहत राहिला नाही. तो सिद्धार्थाच्या आधीच्या तपात सोबत होता आणि पुढे पहिला भिक्षू झाला.

एकाच मुलाबद्दल भाकीत ऐकून दोन माणसं दोन तऱ्हांनी वागली. एकाने मुलाच्या जगातल्या वस्तू कमी केल्या. दुसरा त्याच्याबरोबर चालायला निघाला.

बाळाबद्दल आशा बाळगू नये असं कुणी म्हणणार नाही. पाचवीला कोरा कागद ठेवणाऱ्या आजीच्या मनात भीती होती तशी मायाही होती, आणि कागद कोराच ठेवायची तिची रीत आपल्याला पत्रिकेपेक्षा शहाणी वाटते. ती निदान लिहीत तरी नव्हती. उष्टावणाचं ताटही मांडायला हरकत नाही, हौसेला मोल नसतं. फक्त दोन गोष्टी बघाव्यात. मुलीच्या ताटातून आपण काय काढून घेतलं? आणि मुलाने उचललेली वस्तू आपण दुसऱ्या दिवशी विसरलो का? विसरलो असू तर तो खेळ. लक्षात ठेवून त्या मुलाला तीच वस्तू वीस वर्षं दाखवत राहिलो, तर तो हुकूम.

आणि घराबाहेर पाहायचं झालं तर प्रश्न आणखी सरळ आहे. वस्तीवरच्या शाळेत बाळाच्या हाती पाटी येते की नाही, नाळ कापायचं पातं स्वच्छ आहे की नाही, मुलगी दहावीनंतर वर्गात दिसते की नाही. बाळाचं भविष्य सांगणाऱ्या खऱ्या खुणा या आहेत. त्या वाचायला जोशी लागत नाही, आणि त्या बदलता येतात.

इथे थांबू. तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ या.